शनिवारी तुमच्या दारात

अण्णा, तुमच्या मातीच्या दिवशी मी खोटं बोलले. हिंगोलीच्या चर्चच्या पाळकसाहेबांशी बोलले, कबरस्तानाच्या फाटकाजवळच्या नळावर हात धुता धुता, आणि बोलले ते तुमच्यासाठी. त्या दिवसापासून मी तुमच्यावर इतकी चिडून आहे की मला तुमच्यासाठी धड रडताही आलेलं नाही. लोकांना वाटतं, एस्तेर घट्ट काळजाची. अंगणवाडीतली मदतनीस तर तोंडावरच म्हणाली, "ताई, तुमचे अण्णा गेले अन् तुमी दुसऱ्या दिवशी खिचडी वाटून राहिल्या?" मी म्हटलं, लेकरांना भूक लागते बाई. तिला काय सांगू, की रडू येतंय असं वाटेपर्यंत पाळकसाहेबांचं बोलणं आठवतं आणि रडू जिथल्या तिथं थांबतं.

मयतीला गर्दी मात्र दृष्ट लागावी अशी होती. गोरेगाव ते सेनगाव चालणाऱ्या सगळ्या जीपा त्या दिवशी उभ्या होत्या. तुमच्याच रांगेत जीप लावणाऱ्या रहीमभाईंनी खांदा दिला तो फाटकापर्यंत सोडलाच नाही. कुणीतरी तुमची जीप धुऊन आणून लावली होती आणि बॉनेटवर हार घातला होता. तुम्ही असता तर खेकसला असतात, "हार काहून घालून राहिले? काच पुसा आधी." मला त्या हाराकडे बघून हसू आलं होतं. रक्ताचं नातं नसूनही तोवर मी तुमचीच होते.

मग पाळकसाहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, शमुवेलअण्णांसारखा सरळ माणूस मी माझ्या सेवेत पाहिला नाही. जे असेल ते तोंडावर. एकदा आपल्याच सोबतच्या पंचाच्या विरोधात बोलायची वेळ त्यांच्यावर आली, तेव्हासुद्धा आधी त्या व्यक्तीला समोर बसवून सांगितलं आणि मगच माझ्याकडे आले. ती बहीण इथं बसली आहे, आणि तिनंही ते प्रेमानं मानून घेतलं, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघायला लागली. मीही मान हलवली. आपल्या मंडळीच्या पंचांत बाई एकटी मीच, तेव्हा ती बहीण कोण हा प्रश्न कुणाला पडायचं कारण नव्हतं. फक्त मलाच काही कळत नव्हतं.

माती देऊन झाल्यावर मी त्यांना नळावर गाठलं. विचारलं, "साहेब, अण्णा माझ्याबद्दल कधी आले होते तुमच्याकडे?" त्यांना वाटलं मी नुसती आठवण काढतेय. सांगायला लागले. हळदीचा हंगाम होता, गाडी लावायला जागा मिळेना म्हणून अण्णा वैतागले होते, एस्तेरला जिल्हा परिषदेत मीटिंगला सोडून आलो म्हणाले. मग बसले आणि बोलले. पोरगी गुणाची आहे, पण तिला गावच्या मंडळीची प्रभारी करू नका. तिच्या मनात मेलेल्या नवऱ्याबद्दल अजून राग आहे, तिनं स्वतः आमच्यासमोर कबूल केलंय. जिचं मन साफ नाही तिच्या हातून मंडळीनं प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला कसा घ्यायचा?

"मी विचारलं त्यांना," पाळकसाहेब म्हणाले, "एस्तेरताईंना हे माहीत आहे का? तर म्हणाले, तोंडावर सांगून आलोय. मग मी पुढं काही विचारलं नाही. तुमच्या गोरेगावच्या पंचांची रीतच आहे ती. सांगितलं होतं ना त्यांनी तुम्हाला?"

मी नळ बंद केला आणि म्हटलं, "होय साहेब. सांगितलं होतं."

का म्हटलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. लाजेनं म्हटलं असेल. पण त्याहून जास्त सवयीनं म्हटलं असेल, कारण तुम्ही तिथं नव्हता आणि जो समोर नाही त्याच्याबद्दल आपण बोलत नाही. हे तुम्हीच लावलेलं वळण. तुम्हाला मातीत ठेवून अर्धा तासही झाला नव्हता आणि मी तुमच्याच नियमानं तुमची बाजू झाकत उभी होते.

तो नियम कसा आला ते तुम्हाला माझ्याकडूनच ऐकायला आवडायचं, म्हणून पुन्हा सांगते. माझ्या आधीचे पंच लाऊडस्पीकरवरून भांडले होते. कोणत्या दिशेला तोंड करून लावायचा, एवढ्यावरून. समोर कुणी काही बोललं नाही, पण जो तो आपल्या ओट्यावर बसून दुसऱ्याबद्दल बोलत राहिला आणि अर्धी मंडळी उठून सेनगावच्या प्रार्थनेला जायला लागली. उरलेल्या बाकांसमोर तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, इथून पुढं प्रभुभोजनाच्या आधीच्या शुक्रवारी पंच मागच्या पत्र्याच्या खोलीत बसतील. मधे दुरडीत ज्वारीची भाकरी असेल, फडक्यानं झाकलेली. प्रत्येकानं ज्याच्याबद्दल मनात काही असेल ते त्याच्या तोंडावर सांगायचं. सगळ्यांनी "साफ" म्हटल्याशिवाय फडकं काढायचं नाही. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, आणि जो खोलीत नाही त्याचं नाव काढायचं नाही. शुक्रवारी नाहीच जमलं तर शनिवार मोकळा ठेवायचा आणि ज्याच्याशी बिनसलंय त्याच्या दारात जायचं. मग रविवारी प्रभूच्या मेजाशी.

काय एकेक शुक्रवार असायचे! पंच म्हणायचं, पण आपण चौघंच. तुम्ही, याकोबमामा, विजय आणि मी. तुमच्या घरून मार्थाकाकूंची भाकरी दुरडीत गरम यायची आणि आपल्या पोटात जाताना तिचा पापड झालेला असायचा. याकोबमामांना एक वाक्य बोलायला हळद शिजायला लागतो तेवढा वेळ लागायचा. एका शुक्रवारी ते शेवटी म्हणाले, "शमुवेल, तू पहाटं माझ्या घरापुढं हॉर्न वाजवतो." तुम्ही म्हणालात, "मग सवारी कशी उठंल?" तर मामा म्हणाले, "सवारी शेजारी ऱ्हाते. उठतो मी." विजय इतका हसला की त्याच्यावर पाळी आली. तुम्ही त्याला म्हणालात, "अन् तू रे, पेटी वाजवतो का वरात काढतो? बाया टाळ्या वाजवायच्या सोडून पाय हलवून राहिल्या." पोरगं महिनाभर तोंड पाडून होतं, पण वाजवायला लागलं बराबर.

मलाही तुम्ही सोडलं नाहीत. माझ्या पहिल्या उपदेशानंतरच्या शुक्रवारी म्हणालात, "एस्तेर, तू चांगलं बोलती. पण आमाला अंगणवाडीतली लेकरं समजून बोलती. आमी बी जरा मोठे हाव." मला रडू आलं. मग मी म्हटलं, "तुमी लेकरांपरीसही कमी ऐकता, अण्णा, म्हणून." तेव्हा तुम्ही स्वतः सगळ्यात मोठ्यानं हसलात आणि मग साफ म्हणालात. मला वाटायचं, जगात दुसरी कोणती खोली नसेल जिथं माणसाला इतकं हलकं वाटतं.

आता कळतं. लहान लहान गोष्टी तुम्ही तोंडावर सांगायचात, म्हणून मोठी गोष्ट पोटात ठेवली असेल असं आमच्या कधी मनातच आलं नाही. ज्या माणसानं हॉर्नबद्दल ऐकून घेतलं, पेटीबद्दल सुनावलं, तो माझ्याबद्दल एवढं मोठं काही मनात धरून तीच भाकरी खाईल, असं कोण म्हणेल? मी तर नसतं म्हटलं.

आणि मला तिथं बसवलं तुम्हीच, हेही खरं आहे आणि ते मी विसरलेले नाही. लेकीला घेऊन मी आईच्या घरी परत आले तेव्हा लोक मला गाडीत शेजारी बसवून घ्यायलाही कचरत होते. तुम्ही मला तुमच्या जीपमध्ये पुढची सीट दिलीत. दारूवाल्या नवऱ्याच्या घरून आलेली बाई, तिला पुढची सीट. "ही आमच्या मंडळीची मास्तरीण हाय," असं प्रत्येक सवारीला सांगायचात. अजून मी मास्तरीण झाले नव्हते, अंगणवाडीची नोकरी तर पुढं लागली. लेकरांचा रविवारचा वर्ग माझ्याकडे दिलात, मग उपदेश दिलात, मग पंचांत घेतलंत. सेनगावच्या एका जुन्या पंचानं तुम्हाला हटकलं, "बाईला काहून बसवून राहिले?" तर तुम्ही त्याला म्हणालात, "ती बसती, तुमी उभे राहा." हे मला याकोबमामांनी सांगितलं. त्या एका वाक्यावर मी किती वर्षं चालले, अण्णा, तुम्हाला कल्पना नाही.

नवरा मेल्याची बातमी आली तो शुक्रवारचाच दिवस होता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मला साफ म्हणता येत नाही. तुम्ही विचारलंत, "कोणाबद्दल?" मी सांगितलं. खोलीत गडबड झाली. विजय म्हणाला, पण ते तर इथं नाहीत, आणि आता कुठंच नाहीत, नियमात कसं बसणार? तुम्ही थोडा विचार केलात आणि म्हणालात, "त्याच्याबद्दल बोलू नको. जो समोर न्हाई त्याच्याबद्दल न्हाई. तू फक्त तुझं बोल."

मी माझं बोलले. त्यानं काय केलं ते नाही, माझं काय झालं ते. बातमी ऐकून मला हायसं वाटलं, मी त्याला क्षमा केलेली नाही आणि करता येईल असं वाटतही नाही, हे सगळं बोलले. आईला जे कधी सांगितलं नव्हतं ते तुम्हा तिघांना सांगितलं. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. तुम्ही म्हणालात, "पोरी, साफ न्हाई म्हणून सांगितलंस, हेच साफ हाय," आणि स्वतःच्या हातानं फडकं काढलंत. त्यावरून आपलं पुढं पुष्कळ दिवस भांडण चाललं. मी म्हणायचे, राग असूनही खरं सांगणारा माणूस मेजाशी बसू शकतो. तुम्ही जीप चालवता चालवता मान हलवायचात आणि म्हणायचात, "बसू शकतो. पण मेज लावू शकतो का?" मला वाटायचं आपण नुसते वाद घालतोय, वेळ जावा म्हणून. सेनगाव आलं की तुम्ही चहा सांगायचात आणि वाद अर्धवट राहायचा.

तो वाद तुम्ही एकट्यानंच संपवून टाकलात, हिंगोलीला, माझ्या पाठीमागं.

ठरलं काय होतं? पाळकसाहेबांना दर महिन्याला येणं जमत नव्हतं. प्रभुभोजनाचे रविवार कोरडे जात होते. म्हणून वरून विचारणा झाली की गावातलाच एक पंच प्रभारी म्हणून द्या, त्याला प्रभुभोजन देण्याचा अधिकार मिळेल. त्या शुक्रवारी तुम्ही माझं नाव घेतलंत. याकोबमामा हो म्हणाले, तेही लगेच, म्हणजे बघा. विजय हो म्हणाला. आपण चौघांनी साफ म्हटलं आणि भाकरी मोडली. त्या दिवशी ती पहिल्यांदा गरम खाल्ली आपण. मी घरी जाऊन लेकीला उचलून फिरवलं होतं.

आणि मग तो हळदीच्या हंगामातला दिवस. मला जिल्हा परिषदेत मीटिंग होती. तुम्ही मला पुढच्या सीटवर बसवून हिंगोलीला आणलंत. बाजाराकडं ट्रॅक्टरांची रांग लागलेली, सगळी हवा हळदीची, माझी पांढरी ओढणी पिवळी पडत होती म्हणून तुम्ही तुमचा पंचा काढून मला दिलात. मला सोडताना म्हणालात, "तुझं होऊ दे, मी क्लच दाखवून येतो." परत येताना केळी घेऊन आलात, माझ्या लेकीसाठी. सेनगावच्या अलीकडं एकदम विचारलंत, "एस्तेर, काही तकलीफ तर न्हाई ना तुला?" मी म्हटलं, "काहून?" तुम्ही म्हणालात, "न्हाई, सहज." मी किती वेळा तो दिवस आठवून म्हटलंय की बापाची माया काय ते मला त्या जीपमध्ये कळलं. तुमच्या गळ्यातला पंचा मी धुऊन, घडी घालून परत दिला होता.

क्लच तर त्यानंतरही तसाच अडकत होता. मी तेव्हा चेष्टाही केली होती तुमची, की मेकॅनिकनं फसवलं तुम्हाला.

वरून नकार आला. बाई प्रभारी नको, मंडळी अजून तयार नाही, असा निरोप. मी तुमच्यासमोर रडले. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "वरच्या लोकांचं काय सांगावं, पोरी." मी हिंगोलीवाल्यांना मनातल्या मनात काय काय बोलले! पाळकसाहेबांशी कितीतरी महिने मी नीट बोलत नव्हते, आणि ते बिचारे समजत होते की मला सगळं माहीत आहे आणि मी फुगून बसले आहे. त्या महिन्याच्या शुक्रवारी मी माझ्या पाळीला म्हटलं, माझा राग वरच्यांवर आहे, तुमच्यापैकी कुणाबद्दल काही नाही, साफ. माझ्यानंतर तुमची पाळी होती. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "साफ."

मला प्रभारी केलं नाही याचं दुःख आता नाही, खरंच नाही. तुम्हाला मी त्या जागेला लायक वाटले नसेन तर तसं म्हणायचा तुम्हाला हक्क होता. मला वाईट वाटलं असतं, मी भांडले असते, दोनचार शुक्रवार भाकरी गार झाली असती. पण मी त्या खोलीत जे काढून ठेवलं ते तुम्ही उचलून दुसऱ्याच्या ओसरीवर नेलंत. मी खरं बोलले म्हणून माझ्याविरुद्ध वापरायला तुमच्या हाती काही लागलं. विजयनं पोटात काही ठेवलं असतं तर त्याचं काही बिघडलं नसतं. मी ठेवलं नाही, म्हणून माझं बिघडलं. आणि पाळकसाहेबांनी तुमच्यावर विश्वास ठेवला तो आपल्याच शुक्रवारांमुळं. गोरेगावचे पंच तोंडावर बोलतात ही ख्याती आपण चौघांनी मिळून कमावली होती, गार भाकऱ्या चावून, आणि तुम्ही ती एका दुपारी माझ्याविरुद्ध वापरलीत. दुसऱ्या कोणत्या गावच्या पंचानं तसं सांगितलं असतं तर साहेबांनी मला बोलावून विचारलं असतं.

मी पुष्कळदा विचार करते, तुम्ही ते का केलंत? तुम्हाला खरंच वाटत होतं की राग असलेल्या हातानं मेज लावू नये? तसं असेल तर माझं नाव तुम्हीच का घेतलंत? की नाव घेताना मोठेपणा वाटला आणि मग आपल्या हातातली दुरडी दुसऱ्याच्या हाती जाणार हे दिसल्यावर ती सोडवेना? मला दोन्ही खरं वाटतं, दिवसाआड. उत्तर द्यायला तुम्ही नाही, आणि तुम्ही होता तेव्हा मला प्रश्नच माहीत नव्हता. याचाही राग येतो.

काल शुक्रवार होता. तुम्ही गेल्यानंतरचा पहिला. मार्थाकाकूंनी भाकरी पाठवली, तेच फडकं, तीच दुरडी. याकोबमामांनी आणि विजयनं तुमच्या जागेवरची सतरंजी झटकली आणि मला म्हणाले, तू बस. पाळकसाहेबांनीही निरोप दिला होता की आता एस्तेरताईंचं नाव पुन्हा पाठवू या. म्हणजे तुमची जागा, तुम्ही प्रत्येकाला विचारायचात तो प्रश्न, आणि मागं मला नाकारलेला अधिकारही, सगळं एका दिवशी माझ्यासमोर आलं. मी बसले. विचारायला तोंड उघडलं आणि "साफ?" एवढा एक शब्द मला म्हणता येईना.

मी म्हटलं, "माझंच साफ न्हाई."

मामांनी विचारलं, "कोणाबद्दल?"

"तो माणूस इथं न्हाई," मी म्हटलं.

विजयनं माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. त्याला काही कळलं असेल किंवा नसेल. मी त्यांना सगळं सांगू शकले असते. त्यांनी माझ्यावर विश्वासही ठेवला असता. मला तुमचं नाव त्या खोलीत धुळीला मिळवावंसं वाटत होतं, अण्णा, हे तुमच्यापासून काय लपवू. मामांनी दुरडीवरचं फडकं नीट केलं. मग सावकाश म्हणाले, "त्याच्याबद्दल बोलू नको. तू फक्त तुझं बोल."

तुमचंच वाक्य, तुमच्याच नियमातलं. आणि मला तेव्हा रडू आलं, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मी म्हटलं, "माझा विश्वासघात झाला. मी ज्या खोलीत सगळ्यात हलकी व्हायचे तिथं मला आता बसवत नाही." बस, एवढंच बोलले. कोणी खोदून विचारलं नाही. मामांनी दुरडी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "आज खायचं न्हाई. उद्या शनिवार हाय." आम्ही उठलो. बाहेर विजयनं मला चपला उचलून दिल्या. तुम्ही तो नियम मोडलात, तरी तो तुमच्याशिवाय चालला, आणि त्यानं मला सांभाळलं. त्यासाठी तुमचे आभार मानायला हवेत हे मला कळतं. मानते. पण तोंड कडू होतं ते होतंच.

दुरडी परत द्यायला मी काकूंकडे गेले. त्यांनी फडकं उचलून बघितलं आणि भाकरी अख्खी बघून घाबरल्या. "आजवर रिकामीच यायची गं," म्हणाल्या. मी म्हटलं, कुणाला भूक नव्हती. काकू भाकरी हातात घेऊन बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांचा तुकडा मात्र येतच व्हता घरी."

मला कळलं नाही. त्या म्हणाल्या, "खिशात घालून आणायचे. कितीतरी सालापासून. दर शुक्रवारी सदरा काढला की खिशातून भाकरीचा तुकडा निघायचा. मी म्हणायची, माझी भाकरी नकोशी झाली का? तर म्हणायचे, दात दुखतो. मग कोंबड्यांना टाकायचे, स्वतःच."

मी विचारलं, "कधीपासून, काकू?"

काकूंनी आठवून बघितलं. "तुझं ते वरून न्हाई आलं ना," त्या म्हणाल्या, "त्या सालापासून असंल बघ."

तर तुम्ही खात नव्हता. "साफ" म्हणायचात, तुकडा हातात घ्यायचात, तोंडाकडे न्यायचात आणि आमचं लक्ष चुकवून खिशात टाकायचात. इतकी वर्षं. मी काकूंच्या ओट्यावर बसले आणि मला एकदम तुमची कीव आली, आणि त्यापाठोपाठ आधीपेक्षा जास्त संताप आला. म्हणजे तुम्हाला कळत होतं! ती भाकरी गिळण्याएवढे निर्लज्ज तुम्ही नव्हता, पण माझ्या दारात येण्याएवढं धैर्यही तुमच्यात नव्हतं. इतके शनिवार मोकळे होते, अण्णा. तुमचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक पिठाची गिरणी आणि एक किराणा दुकान. तुम्ही चालत आला असतात, ओट्यावर बसला असतात, "एस्तेर, मी तुझ्याविरुद्ध बोलून आलो" म्हणाला असतात. मी तुमच्यावर ओरडले असते, तुम्हाला चहासुद्धा दिला नसता. आणि मग पुढच्या कुठल्या तरी शुक्रवारी तुम्ही तो तुकडा खाल्ला असतात. त्याऐवजी तुमच्या कोंबड्यांनी खाल्ला.

काकूंना मी काही सांगितलं नाही. त्या खोलीत नव्हत्या आणि तुम्ही माझ्यासमोर नव्हता. पण निघताना ती अख्खी भाकरी मागून घेतली. त्यांनी फडक्यात बांधून दिली.

आज शनिवार. अंगणवाडीला सुट्टी आहे, लेक आजीकडे आहे. ऊन जरा उतरलं की मी ही भाकरी घेऊन कबरस्तानात येते. तुमचं दार आता तेच आहे. शनिवारी दारात जायचं असं ठरलंय, तर ज्याच्याशी बिनसलं तो कुठं राहायला गेला यानं काय फरक पडतो? मी हे सगळं तुमच्या डोक्याशी उभी राहून मोठ्यानं बोलणार आहे. रहीमभाईंनी तुमच्या मातीवर गुलाबाचं रोप लावलंय म्हणतात, त्याला पाणीही घालीन. शेवटी साफ म्हणता आलं तर तिथंच भाकरी मोडीन आणि तुमचा तुकडा तुमच्याजवळ ठेवीन. नाही म्हणता आलं, तर तशीच परत आणीन. खोटं साफ मी म्हणणार नाही. ते आपल्या चौघांत होऊन गेलं, तेवढं पुरे.

आणि उद्या रविवार. पाळकसाहेब येतील. उपासनेच्या आधी मी त्यांना बाजूला घेऊन सांगणार आहे की त्या दिवशी नळावर मी जे "होय" म्हटलं ते खोटं होतं, मला कोणी काही सांगितलं नव्हतं. तुमच्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. फक्त माझं बोलीन. पण साहेब शहाणे आहेत, बाकीचं त्यांना कळेल, आणि तुमच्याबद्दल मातीच्या दिवशी ते जे बोलले ते त्यांच्या मनातून उतरेल, हे मला माहीत आहे. तुम्हालाही कळायला हवं. म्हणून त्यांच्याकडे जायच्या आधी तुमच्याकडे येतेय, तुम्हाला तोंडावर सांगायला.

एवढंच तर करायचं होतं, अण्णा.